हातवारे करून खेळायचे गेम: कन्सोल घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळीचा बोनस जवळ आला की सोलापुरातल्या अनेक घरांत गेमिंग कन्सोलचा विषय निघतो. नुसते बसून बटणे दाबण्यापेक्षा हातपाय हलवून खेळता येणारा गेम घेतला तर काय हरकत आहे, हा प्रश्न बहुधा आईवडीलच विचारतात, कारण एवढ्या खर्चाला त्यात थोडा तरी आधार सापडतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. केवळ हालचालींच्या गेमसाठी म्हणून कन्सोल घेऊ नये. मात्र कन्सोल घ्यायचे ठरलेलेच असेल, हॉलमध्ये मोकळी जागा असेल आणि ज्यांनी कंट्रोलर कधी हातात धरला नाही अशी माणसे घरात असतील, तर ही सोय पैसे वसूल करून देते. याखेरीज हालचालीचा एक लहानसा प्रकार असा आहे की त्याला जागा लागत नाही आणि वेगळा खर्चही लागत नाही. तो म्हणजे मनगट किंचित वळवून पडद्यावर नेम धरणे. दुकानात त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून त्याबद्दल या लेखात सविस्तर लिहिले आहे.

आधी हे तंत्र चालते कसे, ते पाहू

हालचाल ओळखण्याच्या तीन पद्धती आजवर घरगुती कन्सोलवर आल्या. पहिल्या पद्धतीत कंट्रोलरच्या आतच दोन सूक्ष्म संवेदक असतात. त्यांतला ॲक्सेलरोमीटर हाताचा झटका आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो, तर जायरोस्कोप कंट्रोलर कोणत्या बाजूला किती वेगाने वळतो आहे ते मोजतो. दुसऱ्या पद्धतीत कंट्रोलर आणि टीव्ही यांच्यात प्रकाशाचा संबंध असतो. तिसऱ्या पद्धतीत हातात काहीच नसते. टीव्हीजवळ ठेवलेला कॅमेरा आपले शरीर पाहत असतो.

निन्टेंडोचा वी हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि या प्रकाराला खरी लोकप्रियता त्यानेच मिळवून दिली. त्याचे एकूण १० कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच्या कांडीसारख्या रिमोटमध्ये सुरुवातीला या दोन संवेदकांपैकी फक्त ॲक्सेलरोमीटर होता. त्यामुळे उभे राहून टेनिसचा पूर्ण फटका मारला काय किंवा दिवाणावर लोडाला टेकून नुसते मनगट झटकले काय, गेमच्या दृष्टीने फारसा फरक पडत नसे. ही पळवाट मुलांना फार लवकर सापडते. जायरोस्कोप असलेला मोशनप्लस नावाचा जोड २००९ मध्ये आला, तेव्हा हाताचा कोन बऱ्यापैकी अचूक कळू लागला.

सोनीने २०१० मध्ये टोकाला चमकता गोळा असलेली मूव्ह कांडी आणली, तर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स ३६० साठी किनेक्ट हा कॅमेरा आणला. किनेक्ट अदृश्य अवरक्त किरणांचे ठिपके खोलीत पसरवून माणसाचे अंतर मोजत असे. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग खपले. पुढे २०१३ च्या एक्सबॉक्स वनबरोबर तो सक्तीने दिला गेला, त्यामुळे अमेरिकेत कन्सोलची किंमत ४९९ डॉलर झाली. जून २०१४ मध्ये किनेक्टविना ३९९ डॉलरचा कन्सोल बाजारात आणावा लागला आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादनच बंद झाले. नवख्या ग्राहकाने या इतिहासातून एवढे घ्यावे की कॅमेऱ्याची पद्धत घरात टिकली नाही, आणि कंट्रोलरच्या आत दडलेला जायरोस्कोप मात्र टिकला. त्यामुळे खरेदी करताना या जायरोस्कोपवरच लक्ष ठेवावे.

पहिली पायरी: हॉल मोजावा

दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन टीव्हीसमोरची जागा मोजावी. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून उपयोग नाही. दिवाण, टीपॉय, शोकेस आणि चपलांचा स्टँड वगळून जी फरशी रिकामी उरते तेवढीच मोजायची असते. निन्टेंडो स्विच या कन्सोलच्या जॉय-कॉनसारखा लहान कंट्रोलर घेऊन एकाने खेळायचे असेल, तर दोन्ही हात आडवे पसरून स्वतःभोवती एक फेरी मारता येईल एवढी जागा पुरते. दोघांना शेजारी उभे राहायचे असेल, तर दोघांचेही पसरलेले हात एकमेकांना लागता कामा नयेत. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये टीपॉय बाजूला सरकवला की दोघांची सोय होते. जुन्या पेठांतल्या आणि पूर्व भागातल्या घरांत, जिथे पुढच्याच खोलीत शिलाई मशीन असते किंवा टॉवेलचे गठ्ठे रचलेले असतात, तिथे एकालाच उभे राहता येते. तिथे दोघांच्या टेनिसची आशा धरू नये. पाळीपाळीने खेळायचे बोलिंग मात्र छान चालते.

नळाला पाणी येते त्या दिवशीचा हॉल हा इतर दिवशीच्या हॉलपेक्षा वेगळा असतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. भिंतीलगत भरून ठेवलेल्या घागरी आणि बादल्या असतात, फरशी ओली असते, आणि शहाबादी फरशी ओली झाली की पाय हमखास घसरतो. म्हणून जागा मोजायची ती पाण्याच्या दिवशीच मोजावी. त्या दिवशी जी मोकळी राहते, ती जागा आपली खरी.

यानंतर वर पाहावे. छताचा पंखा ही आपल्याकडची मोठी अडचण आहे आणि कन्सोलबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत तिच्याकडे म्हणावे तितके लक्ष दिलेले नसते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा वर केलेला हात सात फुटांच्या आसपास पोहोचतो आणि मुठीतला कंट्रोलर त्याहूनही काही इंच वर जातो. माळा असलेल्या किंवा छत खाली असलेल्या खोलीत पंख्याचे पाते तिथून फार दूर नसते. पंखा बंद करून, घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या हातात गुंडाळलेले वर्तमानपत्र द्यावे आणि टेनिसच्या सर्व्हिससारखा हात फिरवायला सांगावे. कागद पात्याला लागला, तर पंख्याखाली उभे राहून खेळायचे नाही, हा घरातला नियम करून टाकावा.

दुसरी पायरी: कोण खेळणार आहे, हे ठरवावे

हालचालींच्या गेमचे खरे गिऱ्हाईक म्हणजे न खेळणारी माणसे. ज्याला क्रिकेटचा किंवा मारामारीचा गेम मोबाइलवर तासन् तास खेळायची सवय आहे, अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हातवाऱ्यांचे बोलिंग आठवडाभरात बाळबोध वाटू लागते. त्याच्या आजीचे तसे होत नाही. सोळा बटणे आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक पाहून तिने कंट्रोलर हातात घ्यायलाच नकार दिलेला असतो. पण चेंडू सोडल्यासारखा हात मागून पुढे आणायचा आणि बटण सोडायचे, एवढे सांगितले की तिला वेगळे शिकवावे लागत नाही. नातू "आजी, पट्टा घाल आधी मनगटात," म्हणून मागे लागतो आणि आजी "अरे, बांगड्या आहेत हातात, कुठे घालू?" असे म्हणते. ही अडचणही खरीच आहे. पट्टा बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला घ्यावा म्हणजे तो सैल राहत नाही आणि काचेची बांगडी फुटत नाही.

म्हणून कागदावर घरातल्या माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते आठवड्यातून किती वेळा खेळतील, हे प्रामाणिकपणे लिहावे. यादीत एकटा मुलगाच उरत असेल, तर हातवाऱ्यांच्या गेमवर वेगळा पैसा घालू नये; त्याच्यासाठी या लेखातला जायरोचा, म्हणजे जायरोस्कोपने नेम धरण्याचा, भाग तेवढा वाचावा. यादीत लहान मुले, आजीआजोबा, सुट्टीत येणारी भाचरे आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मुक्कामी येणारे पाहुणे असतील, तर हाच खर्च योग्य ठरतो, कारण दहा माणसांच्या घरात कोणालाही न शिकवता चालेल असा दुसरा व्हिडिओ गेम शोधून सापडणार नाही.

तिसरी पायरी: कन्सोल निवडावा

हालचालींचे गेम हेच मुख्य कारण असेल, तर आज निवड जवळजवळ एकाच घराण्यात होते, आणि ते म्हणजे निन्टेंडो स्विच. मार्च २०१७ मध्ये आलेल्या मूळ स्विचबरोबर दोन जॉय-कॉन मिळतात आणि दोन्हींत ॲक्सेलरोमीटर व जायरोस्कोप असतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच स्पोर्ट्समध्ये टेनिस, बॅडमिंटन, बोलिंग, व्हॉलीबॉल यांसारखे खेळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना माणशी एकच जॉय-कॉन लागतो, म्हणजे डब्यातल्या जोडीवर दोघे खेळू शकतात. चौघांसाठी आणखी एक जोडी घ्यावी लागते आणि इथेच अंदाजपत्रक कोलमडते, कारण २०१७ मध्ये अमेरिकेतसुद्धा या जोडीची किंमत सुमारे ८० डॉलर होती. आयात होऊन येईपर्यंत ती अर्थातच चढते. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. त्याच्या नव्या कंट्रोलरमध्ये हालचालीची सोय आहेच, शिवाय टेबलावर माउससारखे सरकवण्याची सोयही आहे. पण केवळ घरगुती बोलिंगसाठी नव्या पिढीचा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

स्विच लाइट हे स्वस्त मॉडेल पाहून पुष्कळ जण फसतात. त्याचे कंट्रोलर वेगळे निघत नाहीत आणि तो टीव्हीला जोडता येत नाही. हॉलमध्ये उभे राहून खेळायचे असेल, तर तो घेऊ नये.

प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये हे दोन्ही संवेदक आहेत, पण उभे राहून हातवारे करायचे गेम त्यावर थोडे आहेत. कन्सोलबरोबरच मिळणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम कंट्रोलर कलता करून खेळायची चांगली चव देतो आणि ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये कंट्रोलर स्टिअरिंगसारखा फिरवून गाडी चालवता येते. एक्सबॉक्स सीरीजच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये हालचालीचा संवेदकच नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी तो आहे त्यांच्यापुरता हा प्रश्न तिथेच मिटतो. नाचाचे गेम तेवढे याला अपवाद आहेत: जस्ट डान्समध्ये मोबाइलवर ॲप घेऊन फोनच हातात धरून नाचता येते, त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागत नाही. हळदीच्या किंवा वाढदिवसाच्या घरी याइतकी कमी खर्चाची करमणूक नाही. फोन मात्र हातातून निसटणार नाही अशा बेताने धरावा.

डोक्यावर चढवायचे व्हीआर संच हा वेगळा विषय आहे, नवख्याने पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: सेकंडहँड माल पारखून घ्यावा

जुना वी किंवा किनेक्ट अगदी स्वस्तात मिळतो, आणि तो घेण्याचा मोह होतो. वी आजही घरगुती बोलिंगसाठी उत्तम आहे, परंतु तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या वीचा अडॅप्टर तिथल्या १२० व्होल्टचा असतो; तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावला की जळतो. स्विचचा मूळ अडॅप्टर मात्र १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला फक्त पिनेचा जोड लागतो. दुसरे म्हणजे वी टीव्हीला पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरींनी जोडला जातो, आणि नव्या टीव्हीवर त्या जागा असतीलच असे नाही. तिसरे म्हणजे वीचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे गेम डिस्कवरच मिळवावे लागतात.

किनेक्ट घेऊ नये, असाच माझा सल्ला आहे. एका खेळाडूलाही त्याला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट अंतर लागते, आणि खिडकीतून थेट ऊन आले की त्याच्या अवरक्त किरणांचा गोंधळ होतो. आपल्याकडे मार्च ते जून या काळात दिवसाढवळ्या हॉलमध्ये ऊन येत नाही, अशी घरे किती सापडतील?

स्विचची भारतात निन्टेंडोकडून अधिकृत विक्री होत नाही, त्यामुळे सोलापुरात, पुण्यात किंवा मुंबईत मिळणारा प्रत्येक स्विच खासगी आयातीचा असतो आणि कंपनीची हमी इथे लागू होत नाही. दुकानदार जी हमी देईल ती त्याच्या पक्क्या बिलावर लिहून घ्यावी. जुना जॉय-कॉन घेताना त्याची स्टिक तपासणे फार गरजेचे आहे, कारण हात न लावता स्टिक आपोआप एका दिशेला सरकत राहण्याचा दोष या कंट्रोलरमध्ये कुप्रसिद्ध आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स' या भागात 'कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स' उघडावे. स्टिकला स्पर्श न करता पडद्यावरची खूण मधोमध स्थिर राहिली पाहिजे. हा दोष स्टिकचा आहे, हालचालीच्या संवेदकाचा नाही, आणि मोबाइलचे बारीक काम करणारा कारागीर स्टिक बदलूनही देऊ शकतो. तेवढ्या खर्चाची वजावट मात्र किंमत ठरवतानाच मागावी.

पाचवी पायरी: मांडणी करावी

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करावा, मग बाकीचे. हे न केल्यास हात फिरवल्यानंतर पडद्यावरची रॅकेट क्षणभराने हलते, आणि नवखा माणूस कंट्रोलरला दोष देतो. सेट-टॉप बॉक्ससाठी टीव्हीवर चित्र सुधारण्याच्या ज्या सोयी चालू असतात, त्यांच्यामुळे हा उशीर होतो. गेम मोडमध्ये त्या बंद होतात.

यानंतर कंट्रोलर सपाट जागेवर, म्हणजे ओट्यावर किंवा फरशीवर, हात न लावता ठेवून 'कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स' ही क्रिया करावी. जायरोस्कोप फक्त वळण्याचा वेग मोजतो आणि त्यावरून दिशेचा हिशेब मांडत जातो. त्या हिशेबातली बारीक चूक साठत साठत गेली की काही वेळाने पडद्यावरचा नेम एका बाजूला सरकू लागतो. कंट्रोलर स्थिर असताना शून्य म्हणजे काय, हे त्याला पुन्हा दाखवून दिले की ही चूक निघून जाते. सोफ्यावर किंवा गादीवर ठेवून ही क्रिया करू नये, कारण तिथे तो किंचित हलत राहतो.

वीच्या बाबतीत प्रकाशाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. टीव्हीवर ठेवायच्या त्याच्या सेन्सर बारमध्ये खरे तर संवेदक नसतोच. दोन टोकांना अवरक्त दिवे असतात आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. त्या दिव्यांऐवजी दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी काम चालते, कारण ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश निघतो. याच कारणाने, टीव्हीशेजारच्या देवघरात समई तेवत असेल तर रिमोट तिलाही सेन्सर बारचा दिवा समजतो आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळू लागतो. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर वी बिघडल्यासारखा वाटला, तर दुकानात नेण्याआधी टीव्हीची जागा बदलून पाहावी. जुन्या पिवळ्या बल्बच्या माळाही हाच घोळ करतात. जॉय-कॉनला नेम धरण्यासाठी असा कोणताही दिवा लागत नाही, म्हणून हा त्रास स्विचवर होत नाही.

पट्ट्याविषयी तडजोड नाही. वी बाजारात आल्यावर हातातून सुटलेले रिमोट टीव्हीवर आदळू लागले आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची घोषणा केली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि तळहात पाच मिनिटांत ओले होतात, म्हणून दर खेळीनंतर हात पुसायला टॉवेल जवळ ठेवावा, सोलापुरात त्याची टंचाई नाही. पायाखाली मात्र चादर अंथरू नये, ती गुळगुळीत फरशीवर सरकते. रबरी योगा मॅट अंथरावी किंवा अनवाणी खेळावे. मोजे घालून तर मुळीच खेळू नये.

वीज गेल्यावर काय, हेही आधी ठरवावे. स्विचच्या आत स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तर तो डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून, काढून टीपॉयवर उभा करून खेळ चालू ठेवता येतो. प्लेस्टेशन ५ ला अशी सोय नाही, आणि पंखे-दिव्यांसाठी बसवलेल्या लहान इन्व्हर्टरवर तो चालवणे शहाणपणाचे नाही.

सहावी पायरी: छोट्या हालचालीची सवय लावावी

नियमित खेळणाऱ्या माणसाला हालचालीचा टिकाऊ फायदा कुठे मिळत असेल तर तो इथे मिळतो. गोळीबाराच्या किंवा धनुष्यबाणाच्या गेममध्ये उजव्या स्टिकने नेम धरणे अवघड असते, कारण अंगठ्याला स्टिकच्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या फिरण्यात सगळे अंतर बसवावे लागते. जायरोने नेम धरताना मोठे वळण स्टिकने घ्यायचे आणि शेवटची बारीक दुरुस्ती कंट्रोलर किंचित कलवून करायची असते. मनगटाला ही बारकाई जन्मजात येते. सुईत दोरा ओवताना आपण अंगठ्यावर विसंबत नाही, मनगटानेच जुळवून घेतो. स्विचवर स्प्लॅटून आणि झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्ये ही सोय आहे, फोर्टनाइटमध्ये ती स्विच आणि प्लेस्टेशन दोन्हींवर मिळते.

बहुतेक जण ती पहिल्याच संध्याकाळी बंद करून टाकतात, कारण कंट्रोलरच्या मूळ सेटिंगवर पडदा फार डोलतो. त्याऐवजी पुढील क्रमाने जावे. सेटिंगमध्ये 'फक्त नेम धरतानाच जायरो' असा पर्याय असेल, तर तो निवडावा, म्हणजे चालताना-पळताना पडदा स्थिर राहतो. जायरोची तीव्रता सर्वांत खाली आणावी आणि स्टिकची तीव्रता आहे तशीच ठेवावी. कोपर मांडीवर किंवा लोडावर टेकवावे. हवेत धरलेला हात लवकर थकतो. सुरुवातीला एखाद्या भिंतीवरच्या स्थिर ठिपक्यावर स्टिकने जवळ जाऊन शेवटचे बोटभर अंतर फक्त मनगटाने कापण्याचा सराव करावा, आणि ते सहज जमू लागले की तीव्रता एक-एक घर वाढवावी. नेम एका बाजूला सरकलेला वाटला, तर बऱ्याच गेममध्ये एका बटणाने दृष्टी पुन्हा मध्यावर आणता येते. ते बटण कोणते, हे आधीच पाहून ठेवावे. काही दिवस नेम आधीपेक्षा वाईट लागेल, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गाडीच्या गेममध्ये कंट्रोलर स्टिअरिंगसारखा फिरवणे हे मात्र मला गंमतीपुरतेच वाटते. लहान मुलांना ते फार आवडते, पण वेगात वळण घेताना स्टिकइतका ताबा राहत नाही. मारिओ कार्ट ८ डीलक्समध्ये ही सोय चुकून चालू राहते आणि मोठ्या माणसाची गाडी विनाकारण कडेला जाते. अशा वेळी शर्यतीत प्लसचे बटण दाबून उघडणाऱ्या यादीतून ती बंद करावी.

सातवी पायरी: व्यायाम म्हणून वापरायचे असेल तर

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या रिंग फिट ॲडव्हेंचरमध्ये एक लवचीक कडे दोन्ही हातांनी दाबायचे-ओढायचे असते आणि दुसरा जॉय-कॉन मांडीला पट्ट्याने बांधलेला असतो. यात घाम खरोखरच येतो, कारण इथे बसून मनगट झटकण्याची पळवाट जवळपास नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्यातला सायलेंट मोड चालू करावा; धावण्याऐवजी गुडघे हलकेच वाकवून खेळता येते आणि खालच्या काकू वर येत नाहीत. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

उन्हाळ्यात हे सगळे सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा करावे, भरदुपारी पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नाही. खेळाआधी खांदे आणि मनगटे फिरवून घ्यावीत. वीवर तासन् तास टेनिस खेळून खांद्याचा स्नायू दुखावल्याची नोंद २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आली होती आणि तो रुग्ण जेमतेम २९ वर्षांचा होता. रॅकेटला वजन नसते, त्यामुळे थांबायचे भान राहत नाही, म्हणून अर्ध्या तासाने विश्रांती घ्यावी.

दोन महिन्यांनी पुन्हा हिशेब पाहावा

कन्सोल घरी आल्यावर दोन महिन्यांनी, दुसऱ्या पायरीत केलेली माणसांची यादी काढावी आणि कोण खरोखर खेळते ते पाहावे. जादा जॉय-कॉनची जोडी कपाटात पडून असेल, तर ती ताबडतोब विकावी, कारण न वापरलेला कंट्रोलर जपून ठेवून त्याची किंमत वाढत नाही आणि बॅटरी मात्र उतरत जाते. आजीचे बोलिंग चालू असेल आणि मुलाने जायरोने नेम धरायची सवय लावून घेतली असेल, तर कन्सोल आहे तसाच ठेवावा आणि पुढचा पैसा नव्या गेमवर घालावा. दोन्ही नसेल, तर पुढची खरेदी करताना हालचालीची सोय यादीतून काढून टाकायला हरकत नाही.